खड्ड्याचाही नकाशा काढा

महाराष्ट्रातल्या समस्त स्ट्रक्चरल इंजिनिअर मंडळींस,



आपल्या ऑफिसातून साइटवर येणारा पायाचा नकाशा ही मोठी नेटकी चीज असते. वरच्या कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण, मधोमध कॉलमची मांडणी, उजवीकडे फुटिंगचा तक्ता. एफ-१ची लांबी किती, रुंदी किती, खाली कुठल्या व्यासाच्या सळया किती अंतरावर, कव्हर ५० मिलिमीटर, काँक्रीट एम-२५, खाली पीसीसी १०० मिलिमीटर. एखाद्या फुटिंगला दहाऐवजी बाराची सळई हवी होती हे रात्री आठवलं, तर सकाळी मुकादमाच्या मोबाइलवर सुधारित प्रत हजर असते. या काळजीबद्दल आधी आपले आभार.

आता त्याच नकाशात एक गोष्ट शोधून पाहावी. फुटिंग जमिनीखाली दोन मीटरवर बसणार, म्हणजे दोन मीटर खोल खड्डा आलाच. त्याच्या बाजू कशा असाव्यात? सरळ उभ्या, उतरत्या की पायऱ्यापायऱ्यांच्या? त्यांना आधार कशाचा? निघालेली माती काठापासून किती लांब टाकायची? माणसाने खाली उतरायचं कुठून आणि घाईच्या वेळी वर यायचं कुठून? नकाशावर फुटिंगच्या छेदाशेजारी एक आडवी रेघ असते, तिच्यावर 'ग्राउंड लेव्हल' असं लिहिलेलं असतं. खड्ड्याविषयीचा मजकूर तिथेच संपतो. उरलेलं सगळं मुकादम आणि जेसीबीचा ड्रायव्हर ठरवतात, तेही बहुधा सकाळचा चहा होईपर्यंत.

हे पत्र त्या न काढलेल्या नकाशाबद्दल आहे.

ते ठेकेदाराला लिहायला हवं होतं, असं आपल्याला वाटेल. ठेकेदाराला सांगून झालं आहे. दुर्घटना घडली की त्याच्यावर गुन्हा दाखल होतो, साइटवरच्या एखाद्या सुपरवायझरला अटक होते, चौकशी समिती बसते आणि पुढच्या पावसाळ्यात दुसऱ्या गावात दुसऱ्या खड्ड्याची बाजू ढासळते. खड्डा कसा असावा हे खोदाईच्या आधी कागदावर मांडण्याची विद्या या सगळ्या साखळीत आपल्याकडेच असते. परवानगीच्या फायलीत आपल्या सहीचं पत्र असतं, नकाशावर आपला परवाना क्रमांक असतो, आणि अडलं की मुकादमसुद्धा म्हणतो, "आरसीसीवाल्या साहेबांना विचारा."

म्हणून विचारणं आपल्यालाच.

काही तारखा आपल्या स्मरणात असतील. २५ जून २०१८. मुंबईत जोराचा पाऊस होता. वडाळ्याच्या एका सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या इमारतीसाठी खणलेल्या खड्ड्यात गेली, तिच्यामागोमाग आतला रस्ता आणि त्यावर उभ्या असलेल्या डझनभराहून अधिक मोटारी. जीवितहानी झाली नाही, त्यामुळे चिखलात एकमेकींवर पडलेल्या गाड्यांचे फोटो काही दिवस फिरले आणि विषय मागे पडला. वर्षभराने, २९ जून २०१९ला पुण्यात कोंढव्यात तीच गोष्ट माणसांवर बेतली. वरच्या अंगाला सोसायटीचं पार्किंग, खालच्या अंगाला नव्या इमारतीची खोदाई आणि या दोहोंमधल्या चिंचोळ्या पट्टीत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. मध्यरात्र उलटल्यावर भिंत खोल्यांवर आली. पंधरा माणसं गेली, त्यांत चार लहान मुलं होती. बहुतेक कुटुंबं बिहारमधून आलेली. तीनच दिवसांनी, २ जुलैला, पुण्यातच आंबेगावला आणखी एक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर पडून सहा जण दगावले.

या भिंती वरून पाहिल्या तर भिंतीच होत्या. आपल्या नजरेला मात्र त्यांच्या पायाखालची माती दिसायला हवी होती.

पहिली तक्रार त्या मातीचीच आहे. माती तपासणीचा अहवाल आला की आपण शेवटचं पान उघडता, एसबीसीचा आकडा पाहता आणि अहवाल फायलीत जातो. लहान कामात तर अहवालही नसतो. "इथं मुरूमच आहे, वीस टन धरा" एवढ्यावर फुटिंगचं माप निघतं. माती पायाचं किती ओझं पेलेल, हा प्रश्न आपण विचारता. तीच माती आधाराशिवाय किती उंच आणि किती दिवस उभी राहील, हा प्रश्न बोअरलॉगमध्ये थरांच्या नावांसह उत्तराची वाट पाहत पडून राहतो.

मे महिन्यात खोदलेला मुरमाचा खड्डा फसवा असतो. बाजू भिंतीसारख्या सरळ, पहारीशिवाय खडा निघत नाही. "साहेब, मुरूम कुठं जातोय?" असं मुकादम छातीठोकपणे सांगतो, आणि त्या दिवशी त्याचं म्हणणं खरंही असतं. तो मुरूम कशाच्या जोरावर उभा आहे, हे आपण कॉलेजात शिकला आहात. कणांमधल्या थोड्याशा ओलाव्याचा ताण त्यांना उसना चिकटपणा देतो. चिकटपणाच्या चौपटीला मातीच्या एकक वजनाने भागलं की उभ्या कापाची जास्तीत जास्त उंची निघते. चिकटपणा १० किलोपास्कल आणि वजन घनमीटरला १८ किलोन्यूटन धरलं तर उत्तर सव्वादोन मीटरच्या आत येतं, तेही सुरक्षेचा गुणक न लावता. दोन दिवस पाऊस लागला की तो उसना चिकटपणा पाण्यात विरतो. खड्डा तोच, खोली तीच, उत्तर मात्र बदललेलं असतं. वडाळा, कोंढवा आणि आंबेगाव या तिन्ही तारखा पावसाने जोर धरल्यानंतरच्या आहेत, हे सहज घडलेलं नाही.

सोलापूर, लातूर, यवतमाळकडच्या काळ्या मातीचा नमुना निराळा. उन्हाळ्यात ती इतकी फाटते की भेगेत हात जावा. यातली एखादी भेग खड्ड्याच्या काठाला समांतर असते. पहिल्या वळवाचं पाणी तिच्यात भरतं आणि पाचरीसारखं मातीला खड्ड्याच्या दिशेने रेटतं. मग कडेचा अख्खा तुकडा सुटतो. दोन मीटर खोल, दोन मीटर लांब आणि फक्त अर्धा मीटर जाड असा तुकडा धरला तरी दोन घनमीटर झाले. घनमीटरला १.८ टन म्हणजे साडेतीन टनांहून जास्त. तो सुटल्यावर खालच्या माणसाला मान वर करायलाही वेळ मिळत नाही. छातीपर्यंत गाडल्या गेलेल्या माणसाचं तोंड मोकळं असलं तरी तो गुदमरतो. श्वास सोडला की माती आणखी आत बसते, आणि पुढचा श्वास घ्यायला छाती फुलत नाही. वरचे साथीदार फावडी घेऊन उड्या टाकतात तेव्हा उरलेली बाजू अजून पडायची असते. कुणीतरी जेसीबी लावा म्हणतं, आणि तो दात असलेला बकेट माती उपसताना माणूस आणि ढेकूळ यांत फरक करत नाही.

दुसरी तक्रार थोडी टोचणारी आहे. दोन तळघरांच्या इमारतीत आपण रिटेनिंग वॉल डिझाइन करता, तेव्हा मागच्या मातीचा दाब काढता. रँकिनचं सूत्र वापरता, पाण्याचा दाब मिळवता, वरच्या रस्त्यावरच्या वाहनांचं ओझं धरता, मग भिंतीची जाडी आणि दोन्ही अंगांची सळई ठरवता. इमारत उभी राहिल्यावर पन्नास वर्षं ती माती रेटत राहणार आहे, म्हणून ही काळजी. पण भिंत होण्याआधी तीच माती, तेवढाच दाब घेऊन, सात-आठ मीटर उंच उघड्या काठावर काही महिने उभी असते. त्या महिन्यांत खाली माणसं सळया बांधत असतात. तेव्हाचं गणित कुणी केलेलं असतं? विचारलं तर 'टेम्पररी वर्क्स ठेकेदाराकडे' असं उत्तर मिळतं. आठ महिने उघडा राहणारा आणि एक अख्खा पावसाळा पाहणारा खड्डा त्यात राबणाऱ्या माणसाच्या हिशेबात तात्पुरता नसतो.

म्हणून पहिली विनंती. पायाच्या नकाशांच्या संचात एक पान खड्ड्याचं असावं. त्यावर थरागणिक उतार दाखवावा. जागा असेल तिथे साध्या मातीत एकास एक, भुसभुशीत थरात त्याहून पसरट. जागा नसेल, आणि शहरात ती नसतेच, तिथे आधाराचं डिझाइन द्यावं. लहान चरासाठी फळ्या, उभे वासे आणि आडवे टेकू पुरतील. खोल तळघरासाठी शोअर पाइल किंवा सॉइल नेलिंग लागेल. कुठल्या खोलीपर्यंत खणून थांबायचं, आधार कधी बसवायचा आणि त्यानंतरच पुढे कधी जायचं, हा क्रमही त्याच पानावर यावा.

तिसरी तक्रार पैशांची. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीतली पायाच्या खोदाईची बाब एकदा सावकाश वाचून पाहावी. एकाच लांबलचक वाक्यात खोदाई येते, माल पन्नास मीटरपर्यंत नेऊन टाकणं येतं, पाणी उपसणं येतं, पायाचा तळ तयार करणं, परत भरणं, धुम्मस करणं, पाणी मारणं येतं आणि अगदी शेवटी 'शोअरिंग आणि स्ट्रटिंग इत्यादीसह पूर्ण' असे शब्द येतात. सगळ्याचा मिळून दर घनमीटरला एकच. आधार लावला तरी तोच दर आणि न लावला तरी तोच. माणसांचा जीव ज्याच्यावर टांगलेला आहे ती गोष्ट 'इत्यादी'च्या शेजारी बसवल्यावर ठेकेदाराने तिथेच वाचवायचं ठरवलं, तर नवल कसलं? खासगी अंदाजपत्रकं याच बाबी उतरवून घेतात, त्यामुळे सरकारी वाक्य बंगल्यापर्यंत पोचतं.

आधाराची बाब वेगळी काढा, तिचं माप चौरस मीटरमध्ये धरा आणि लावलेला आधार मोजल्याशिवाय त्याचं बिल मंजूर करू नका. मालक कुरकुरेल. त्याला सांगता येईल की, मजुरांच्या कल्याणासाठी बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर तो कायद्यानुसार भरतोच. दहा कोटींच्या इमारतीला दहा लाख. त्या निधीतून मजुराच्या घरच्यांना पुढे मदत मिळते. त्याने खड्ड्यातून जिवंत वर यावं याची तजवीज अंदाजपत्रकातच करावी लागते.

चौथी तक्रार नियमांच्या वाचनाची. भारतीय मानक आयएस ३७६४ हे खोदाईच्या सुरक्षिततेसाठीच आहे. ते हाताशी नसेल तरी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कंत्राटांना जोडलेली सुरक्षा संहिता आपल्या ओळखीची असेल. तिच्यातली भाषा साधी आहे. १.२ मीटर किंवा त्याहून खोल चरात दर ३० मीटर लांबीला निदान एक शिडी हवी, आणि ती काठाच्या वर ९० सेंटिमीटर यायला हवी. १.५ मीटर किंवा त्याहून खोल चराच्या बाजूंना उतार द्यावा, नाहीतर लाकडी आधाराने त्या पक्क्या धराव्यात. निघालेली माती काठापासून १.५ मीटर किंवा चराच्या निम्म्या खोलीइतकी, यांपैकी जे जास्त असेल तितकी दूर ठेवावी. खोदाई वरून खाली करावी. खालून पोखरून वरची माती पाडू नये.

या चार अटी घेऊन गावातल्या कुठल्याही चालू साइटवर जावं. माती काठाला टेकून ढीग झालेली असते, कारण जेसीबीचा हात तिथपर्यंत सहज पोचतो आणि डंपर दुपारनंतर येणार असतो. त्याच ढिगावर विटांची एक गाडी रिकामी केलेली असते. शिडीच्या जागी कॉलमच्या सळया असतात. रिंगांवर पाय देत मजूर वर येतो. कधी बकेटमध्ये बसवून माणसं खाली सोडली जातात. पाया खोल गेला की खालून पोखरण्याचा मोह होतोच, कारण वरची माती आपोआप पडली की पहारीचे श्रम वाचतात.

आणि काँक्रीटचा दिवस उजाडतो तेव्हा या सगळ्यावर कडी होते. आरएमसीची गाडी येते. सहा घनमीटर काँक्रीटचंच वजन चौदा टनांच्या पुढे, गाडीचं वेगळं. पंप सांगितला तर खर्च वाढतो, म्हणून ड्रायव्हरला मागे घ्यायला सांगतात. "येऊ दे, येऊ दे" असं ओरडत गाडीची मागची चाकं काठापासून हातभर अंतरावर आणली जातात आणि नाळ थेट फुटिंगमध्ये सोडतात. नेमक्या त्याच वेळी खाली तीन माणसं असतात. एकाच्या हातात व्हायब्रेटरची नळी, दोघांच्या हातात फावडी, पायाखाली ओलं काँक्रीट. पळायचं म्हटलं तरी पाय उचलत नाहीत. हे आपण पाहिलं असतं तर गाडी लगेच थांबवली असती, याविषयी शंका नाही. आपण पाहत नाही, हीच पाचवी तक्रार आहे आणि ती सगळ्यांत मोठी आहे.

पायाच्या सळया तपासायला आपण येता तेव्हा बहुधा काठावर उभे राहता. आजकाल तेही होत नाही. सुपरवायझर चार फोटो पाठवतो, आपण त्यावर अंगठा पाठवता आणि काँक्रीटची गाडी सुटते. उतरायचं का टाळलं जातं, हे समजण्यासारखं आहे. शिडी नाही, बाजू हलत्या वाटतात, बूट चिखलात जातात. पण जो खड्डा आपल्याला उतरायच्या लायकीचा वाटत नाही, त्यात एक माणूस सकाळपासून वाकून बाइंडिंग वायर पिळत बसलेला असतो.

असुरक्षित खड्ड्याचा काँक्रीटशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. तो फार जवळचा आहे. काठावरून ५० मिलिमीटरचं कव्हर दिसत नाही. कव्हर ब्लॉक दिले आहेत की खडीचे तुकडे ठेवले आहेत, हे कळायला गुडघे टेकावे लागतात. रात्री बाजूची माती सुटून सळयांवर पडली असेल तर ती काढायला कुणीतरी खाली जाऊन एकेक ढेकूळ उचलावं लागतं. ते झालं नाही तर मातीसकट काँक्रीट भरलं जातं. तळ पावसाने मऊ झाला असेल तर वरचा लगदा खरवडून लगेच पीसीसी करावी लागते; त्यासाठी खोदाईचा शेवटचा वीतभर थर मुद्दाम ठेवून तो पीसीसीच्या दिवशीच काढायची जुनी चांगली रीत आहे. साचलेलं पाणी न उपसता काँक्रीट ओतलं की सिमेंट धुऊन जातं आणि वर राखाडी पाणी तरंगतं. त्या वेळी थांबा म्हणणारा माणूस खड्ड्यात असावा लागतो. आयएस ४५६ म्हणतं, काँक्रीट दीड मीटरपेक्षा जास्त उंचीवरून सोडू नये. काठावरून ओतलेलं काँक्रीट त्याहून खोल पडतं, खडी एकीकडे आणि लगदा एकीकडे होतो. घट्ट वाटतंय म्हणून मजूर गाडीत पाण्याचा पाइप सोडायला सांगतो. पाणी-सिमेंटचं प्रमाण ०.५ असेल तर पन्नास किलोच्या पोत्याला २५ लिटर पाण्याचा हिशेब असतो. त्यावर बादलीभर जास्त गेलं की एम-२५ फक्त नकाशात उरतं. यातलं काहीही नंतर दिसत नाही. महापालिकेची तपासणी जोत्याला होते, तोवर सगळं भरावाखाली गेलेलं असतं.

म्हणून दुसरी, आणि मनापासूनची, विनंती. ज्या खड्ड्यात आपण स्वतः शिडीने उतरला नाहीत, त्यातल्या काँक्रीटला मंजुरी देऊ नका. आपण उतरणार हे नक्की असलं की शिडी येईल. शिडी आली की बाजूंकडे कुणीतरी पाहील, आणि माती मागे सरकेल. मुकादमाला भाषण द्यायची गरज पडणार नाही.

सहावी तक्रार सळयांच्या जाळीची. ३ फेब्रुवारी २०२२च्या रात्री पुण्यात येरवड्यात एका मोठ्या इमारतीच्या कामावर लोखंडी सळयांची जड जाळी कोसळून पाच मजूर दगावले. तेही बिहारचेच होते. राफ्टची जाडी दीड-दोन मीटर असते तेव्हा वरची जाळी कित्येक टनांची होते आणि ती पेलतात त्या खालच्या चेअर. वरच्या जाळीची एकेक सळई आपल्या नकाशात मोजलेली असते, पण चेअरच्या पायांचा व्यास, त्यांच्यातलं अंतर आणि आडव्या दिशेचे तिरपे बांध हे 'साइटवर गरजेप्रमाणे' असतात. वर बांधणारे चालतात, सळयांच्या मोळ्या उतरवल्या जातात, खाली कुणीतरी वायर पिळत असतं. जाड राफ्टच्या चेअरचं डिझाइन आपल्या तक्त्यात यावं, आणि वरच्या जाळीवर मोळ्या कुठे आणि किती ठेवायच्या हे तिथेच लिहावं.

सातवी तक्रार शेजाऱ्याची. नव्या इमारतीचा पाया शेजारच्या जुन्या पायापेक्षा खोल जाणार असेल, तर जुन्या पायाखालची माती मोकळी होते. शेजारच्या वाड्याच्या भिंतीला तडा गेला की आपल्याला फोन येतो. खोदाईच्या आधी शेजारच्या पायाची खोली कुठल्या नकाशावर नोंदलेली असते? संरक्षक भिंतीच्या पलीकडे पार्किंग आहे की नाला, भिंतीतून पाणी झिरपायला भोकं आहेत की बुजली आहेत, हे पाहायला अर्धा तास पुरतो. वडाळ्याला आणि कोंढव्याला ओझं भिंतीच्या पलीकडच्या अंगाला होतं. मजुरांच्या खोल्या काठापासून आणि जुन्या भिंतींपासून किती लांब हव्यात, ही ओळही खड्ड्याच्या पानावर असावी. हे काम वसाहत उभारणाऱ्याचं, असं म्हणता येईल. पण भिंत किती लांब पडेल, हे त्याला कळत नाही.

लहान कामं यातून सुटत नाहीत. तालुक्याच्या गावातला दोन मजली बंगला, त्याला बारा फुटिंगं, काळ्या मातीतून मुरमापर्यंत जायला सहा-सात फूट खोली. नकाशा जिल्ह्याच्या ठिकाणाहून ईमेलने येतो. खोदाई माणसांनीच होते, कारण गल्लीत जेसीबी शिरत नाही. दीड मीटर रुंद खड्ड्यात दोघं जण पाठीला पाठ लावून टिकाव चालवतात आणि घमेली वर देतात. वरची बाई ती काठावरच पालथी करते. याहून खोल कामात काय होतं, ते इंदापूर तालुक्यात म्हसोबाचीवाडीने ऑगस्ट २०२३ मध्ये पाहिलं. विहिरीत काँक्रीटची रिंग बांधत असताना माती आणि रिंग कोसळली, चार मजूर खाली गाडले गेले, आणि त्यांचे मृतदेह काढायला यंत्रं लावूनही काही दिवस गेले. बंगल्याच्या नकाशाची फी कमी असते, हे मान्य. पण एक उभा छेद, त्यात उताराची रेघ आणि मातीच्या ढिगाचं अंतर, एवढं काढायला वेळ लागत नाही. एकदा काढलेलं पान पुढच्या पन्नास बंगल्यांना चालेल.

नियम पाळून फरक पडतो का, असं कुणी विचारलं तर अलीकडचं एक उदाहरण आहे. अमेरिकेत २०२२ साली चर ढासळून ३९ कामगार मरण पावले. तिथल्या कामगार सुरक्षा यंत्रणेने, म्हणजे ओशाने, त्याच वर्षी चरांच्या अचानक तपासण्या वाढवल्या आणि दोषींवर कडक कारवाईचा इशारा दिला. पाच फुटांच्या पुढे आधार हवा हा नियम तिथे आधीपासूनच होता. २०२३ साली मृत्यूंचा आकडा १५वर आला. आपला दीड मीटर आणि त्यांचे पाच फूट यांत बोटभराचाच फरक आहे. आपल्याकडे चरापर्यंत पोचणारे निरीक्षक थोडे, म्हणूनच साइटवर ज्याचा शब्द चालतो त्याच्याकडे हे गाऱ्हाणं आलं आहे.

शेवटची विनंती वेळापत्रकाची. भूमिपूजन अक्षय्य तृतीयेला, खोदाई मे अखेरीस आणि पाया भर पावसात, हा क्रम आपल्याला पाठ आहे. मालकाला मुहूर्त हवा असतो, ठेकेदाराला पहिलं बिल हवं असतं. खोल खोदाई पावसाळ्यात उघडी राहणार असेल तर तसं लेखी कळवा. थांबणं शक्यच नसेल तर खड्डा तुकड्यातुकड्यांनी खणायला सांगा, म्हणजे एका भागाचं फुटिंग आणि भराव झाल्यावरच पुढचा भाग उघडेल. काठाला पाणी अडवणारा मातीचा बांध, खाली पाणी गोळा करायला खळगा आणि पंप, आणि पाऊस पडून गेल्यावर माणूस खाली उतरण्याआधी काठाच्या भेगा पाहायची जबाबदारी कुणाची, हे नावानिशी ठरवून द्या. खड्डा जितके कमी दिवस उघडा, तितकं बरं. क्यूरिंग आणि सात दिवसांच्या क्यूबचा निकाल यांच्याशी त्याचा मेळ घालणं आपल्याला जमतं. तेवढं वेळापत्रक नकाशासोबत धाडावं.

पुढच्या कामाच्या पायाच्या नकाशात, शीर्षकाच्या चौकटीच्या वर, हातभर जागा कोरी असते. तिथे हे सगळं मावतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
आपल्या नकाशांवर बरीच वर्षं फक्कीची लाइन मारलेला एक निवृत्त साइट सुपरवायझर

ता. क. खड्ड्याच्या पानावरचे तीन आकडे, म्हणजे शिडी कुठे, माती काठापासून किती लांब आणि गाडी कुठे थांबणार, मोठ्या अक्षरांत हिंदीतही लिहून काठावर पाटी लावायला सांगावं. खाली उतरणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी वाचता येत नाही. ज्यांना कुठलीच लिपी वाचता येत नाही, त्यांच्यासाठी काठापासून दीड मीटरवर फक्कीची एक पांढरी रेघ पुरेल.